प्रॉक्टर कोणी आणायचा?

पीएचडीच्या कोर्सवर्कसाठी ऑनलाइन कोर्स निवडताना तुम्ही कोर्सचं नाव बघता, शिकवणारे प्राध्यापक कोण ते बघता, क्रेडिट किती मिळणार ते बघता. परीक्षा कुठे आणि कोणासमोर द्यायची, हे मात्र बहुतेक जण फी भरून झाल्यावर वाचतात. आजचा विषय तेवढाच आहे: दूरशिक्षणाच्या परीक्षेवर नजर ठेवणारा माणूस, म्हणजे प्रॉक्टर, आणि तो आणायची जबाबदारी कोणाची.

हा विषय संशोधनाच्या तयारीत कुठून आला, असं वाटत असेल तर दोन नियम बघा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएचडीचं कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं, आणि संशोधन सल्लागार समिती त्यात मान्यताप्राप्त ऑनलाइन कोर्स सुचवू शकते. त्याआधी, पदवी आणि पदव्युत्तर पातळीवर, 'स्वयम्'वरच्या कोर्समधून एका सत्रातली ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घ्यायची मुभा २०२१ च्या नियमांनी दिली. २०१६ मध्ये ही मर्यादा २० टक्के होती. म्हणजे तुमच्या गुणपत्रिकेतला बराच भाग आता अशा परीक्षांवर उभा राहू शकतो, जिथे शिकवणारा तुम्हाला कधी भेटलेला नसतो. मग 'पेपर खरंच याच माणसाने दिला' हे कोणीतरी सांगावं लागतं.

माझं म्हणणं आधीच मांडून ठेवतो, म्हणजे वाचताना तुम्हाला ते तपासता येईल. दूरशिक्षणाच्या परीक्षेला साक्षीदार हवाच. पण तो साक्षीदार उभा करायचं काम विद्यार्थ्यावर टाकलं, की परीक्षा फक्त विषयाची राहत नाही. खोलीची, विजेची, सुट्टीची आणि ओळखीपाळखीची परीक्षाही त्यात मिसळते. गुणपत्रिकेवर मात्र सगळे मार्क विषयाच्याच नावावर पडतात.

सुपरवायझर करतो काय?

आपल्याकडे परीक्षेच्या वर्गातल्या माणसाला पर्यवेक्षक म्हणतात, बोलताना सुपरवायझर. पिंपरी-चिंचवडमध्ये हा शब्द दोनदा भेटतो: शाळेत हॉल तिकिटावर सही करणारा सुपरवायझर, आणि नंतर कंपनीत लाइनवर उभा राहणारा सुपरवायझर. दोघांचं काम वरवर एकच दिसतं, नजर ठेवणं. पण परीक्षेतल्या सुपरवायझरची कामं सुटी करून बघितली तर तीन निघतात.

पहिलं, ओळख पटवणं. हॉल तिकिटावरचा फोटो आणि समोरचा चेहरा एकच आहे ना? दुसरं, परिस्थिती सारखी ठेवणं. सगळ्यांना तेवढाच वेळ, तेवढीच शांतता, कोणाकडे चिठ्ठी नाही, मोबाइल नाही. तिसरं, झालेल्या गोष्टीची साक्ष देणं. काही गडबड झाली तर ती लिहून ठेवणं, आणि काही झालं नाही तर 'काही झालं नाही' याखाली सही करणं.

दुसऱ्या कामाकडे आपलं लक्ष कमी जातं. सुपरवायझर म्हणजे कॉपी पकडणारा, अशीच आपली कल्पना असते. पण प्रयोगशाळेत काम केलेल्याला हे लगेच कळेल: दोन नमुन्यांची तुलना करायची तर तापमान, वेळ, द्रावणाची तीव्रता सारखी ठेवावी लागते. परीक्षेचा वर्ग हीच सोय करतो. मार्कांमधला फरक अभ्यासामुळे आला, पंखा बंद होता म्हणून नाही, असं म्हणता यावं यासाठी तो वर्ग असतो. पुढची सगळी टीका या दुसऱ्या कामाभोवती फिरणार आहे.

नजर ठेवायच्या तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा केंद्राची. ती जुनी आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये आपल्या पदव्या बाहेरून अभ्यास करणाऱ्यांसाठी खुल्या केल्या. शिका कुठेही, पण परीक्षा ठरलेल्या जागी, ठरलेल्या लोकांसमोर. आपल्याकडे १९८५ मध्ये स्थापन झालेलं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला सुरू झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ याच वाटेने गेले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे मुक्त विद्यापीठाचं ब्रीद आहे. ज्ञान घरी येतं, पण परीक्षेला केंद्रावर जावं लागतं. आयआयटी आणि आयआयएस्सीच्या एनपीटीईएलचंही तसंच. व्हिडिओ फुकट, असाइनमेंट घरून, आणि शेवटची परीक्षा केंद्रावर संगणकासमोर. त्यांच्या प्रमाणपत्रावर असाइनमेंटचे २५ पैकी आणि प्रॉक्टर्ड परीक्षेचे ७५ पैकी, असे गुण वेगवेगळे छापलेले असतात. घरून केलेल्या कामावर किती भरवसा आणि केंद्रावरच्या कामावर किती, हे त्या दोन आकड्यांतच सांगितलेलं आहे.

दुसरी तऱ्हा अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी दूरशिक्षणासाठी वापरली: प्रॉक्टर तुम्हीच शोधा. विद्यापीठ एक अर्ज देतं. त्यावर ग्रंथपाल, शिक्षक, कॉलेजच्या परीक्षा केंद्राचा कर्मचारी, सैन्यातला शिक्षण अधिकारी किंवा कंपनीच्या मनुष्यबळ विभागातला माणूस सही करू शकतो. नातेवाईक, मित्र, शेजारी चालत नाहीत. बऱ्याच ठिकाणी तुमचा थेट साहेबही चालत नाही. प्रश्नपत्रिका त्या प्रॉक्टरकडे जाते, तो तुम्हाला बसवतो, उत्तरं परत पाठवतो.

तिसरी तऱ्हा कॅमेऱ्याची. घरी लॅपटॉपसमोर बसायचं. सॉफ्टवेअर चेहरा बघतं, आवाज ऐकतं, खिडकी बदलली तर नोंद करतं. कोविडच्या काळात हीच तऱ्हा सगळीकडे पसरली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठानेही २०२१ मध्ये ऑनलाइन परीक्षा प्रॉक्टर्ड पद्धतीने घेतल्या. तुमच्यापैकी काहींनी त्या दिल्या असतील.

या तिन्ही तऱ्हा एकाच माणसाला लावून बघू.

चाकणमधला एक परीक्षार्थी

हा माणूस मी कल्पनेने उभा केला आहे, पण या पट्ट्यात राहणाऱ्याला तो अनोळखी वाटणार नाही. मेकॅनिकल डिप्लोमा झालेला, वय २६, म्हाळुंग्यातल्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ठेकेदाराकडून कामाला. निघोज्यात पत्र्याच्या खोलीत आणखी तिघांबरोबर राहतो. शिफ्ट आठवड्याला बदलते. त्याला पुढे शिकायचंय. दूरशिक्षणातून पदवी, मग पदव्युत्तर, आणि जमलं तर तुमच्या-माझ्यासारखी पेटची तयारी.

केंद्राची तऱ्हा घ्या. एनपीटीईएलच्या परीक्षा बहुतेक शनिवारी-रविवारी असतात. नोकरी करणाऱ्यांसाठी ही सोय, असं आपण म्हणू. पण भोसरी-चाकण पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शनिवार-रविवार हे तिथले कामाचे दिवस. हा परीक्षार्थी रविवारी पेपरला बसला तर एक खाडा पडतो, आणि ठेकेदाराकडच्या माणसाचा खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. एका कोर्सची परीक्षा फी हजार रुपये, तिच्यात ही मजुरी धरा. वर पुणे-नाशिक रस्त्यावर तळेगाव चौकातली आणि आंबेठाण चौकातली गर्दी पार करून सकाळी नऊच्या आत केंद्रावर पोचायचं, आणि आदल्या रात्री नाइट असेल तर झोप न घेता पोचायचं. वेळापत्रक करणाऱ्याच्या मनातला नोकरदार हा शनिवार-रविवार सुट्टीवाला आहे. हिंजवडीत तो बरोबर ठरतो, चाकणमध्ये चुकतो.

तरीही या तऱ्हेच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. एकदा केंद्रावर पोचलं की सगळे सारखे. खुर्ची, संगणक, वेळ, सुपरवायझर, सगळं सारखं. आणि हे उभं करायचा खर्च आणि खटपट संस्थेने केलेली असते. विद्यार्थ्याने फक्त यायचं असतं. येणं कठीण असू शकतं, पण आल्यानंतर त्याला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करत बसावं लागत नाही.

आता दुसरी तऱ्हा. त्याने परदेशी विद्यापीठाचा एखादा कोर्स घेतला आणि प्रॉक्टर स्वतः शोधायला सांगितलं, तर तो कोणाकडे जाईल? मनुष्यबळ विभागाकडे? तो ठेकेदाराचा माणूस आहे, कंपनीच्या नोंदीत तो 'आपला' नाही. ग्रंथपालाकडे? महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, आणि त्याखाली ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. गावातलं 'ड' वर्गाचं वाचनालय म्हणजे बहुधा एक खोली, वर्तमानपत्रांचं टेबल आणि संध्याकाळचे काही तास. तिथे तीन तासांच्या परीक्षेला बसायची सोय मागायची म्हणजे त्या माणसावर उपकाराचं ओझं टाकायचं. शिवाय बऱ्याच विद्यापीठांची अट असते की प्रॉक्टरचा ईमेल संस्थेच्या नावाचा हवा, जीमेल चालणार नाही. आपल्याकडे कितीतरी शाळा, वाचनालयं, लहान कॉलेजं जीमेलवरच चालतात. ईमेलच्या शेपटीवरून माणसाचा भरवसा ठरवणारी ही अट कागदावर साधी वाटते. प्रत्यक्षात ती मोठ्या संस्थेच्या सावलीत राहणाऱ्यालाच पार करता येते.

आपल्याला हा अनुभव नवा नाही. गॅझेटेड ऑफिसरच्या सहीशिक्क्यासाठी आपल्या आधीच्या पिढीने किती हेलपाटे मारले, ते घरी विचारा. ज्याच्या ओळखीत डॉक्टर, प्राध्यापक, तहसीलदार, त्याचं काम चहा पिता पिता होई. बाकीच्यांचा दिवस जाई. २०१४ मध्ये केंद्र सरकारने स्वयं-साक्षांकनाची पद्धत पुढे आणली आणि हा त्रास बराच हलका झाला. ते शक्य झालं, कारण मूळ कागद शिल्लक असतो. आज तुम्ही स्वतः सही करा, नेमणुकीच्या वेळी मूळ प्रत दाखवा. परीक्षेचं असं होत नाही. ती तीन तास घडते आणि संपते, मागाहून ताडून बघायला मूळ प्रत उरत नाही. म्हणून परीक्षेला त्या क्षणी हजर असलेला साक्षीदार लागतोच. 'विद्यार्थ्यांवर विश्वास ठेवा, प्रॉक्टर काढून टाका' हा उपाय मला म्हणूनच पटत नाही. 'ही डिग्री डिस्टन्सची का?' असं मुलाखतीत नाक मुरडून विचारलं जातं, तेव्हा केंद्रावर, साक्षीदारासमोर मिळवलेले ७५ पैकी गुण हेच त्या परीक्षार्थ्याचं उत्तर असतं. साक्ष काढून घेतली तर पहिलं नुकसान त्याचंच.

कॅमेरा न्याय करतो का?

तिसऱ्या तऱ्हेची जाहिरात अशी असते की आता कुठे जायला नको, कोणाला विनवायला नको. गुरुवारी सुट्टी आहे? गुरुवारी द्या. ऐकायला छान आहे. पण गुरुवारीच महावितरणची देखभालीची कामं निघतात आणि वीज जाते, हे या भागात लहान मुलालाही माहीत आहे. समजा वीज आहे. पत्र्याच्या खोलीत चौघं राहतात, त्यातला एक नाइट करून झोपलाय. सॉफ्टवेअर सांगतं, खोली कॅमेऱ्यात फिरवून दाखवा, दुसरा माणूस नको. झोपलेल्याला बाहेर काढायचं? सारख्या परिस्थितीचं जे काम केंद्र करत होतं, ते आता विद्यार्थ्याने आपल्या खोलीत, आपल्या पैशाने करायचं आहे.

खोली दाखवण्याचा मुद्दा अमेरिकेत कोर्टात गेला. क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थ्याला २०२१ मध्ये परीक्षेआधी झोपायची खोली कॅमेऱ्यात दाखवावी लागली. ऑगस्ट २०२२ मध्ये ओहायोतल्या संघीय न्यायालयाने अशी झडती त्या देशाच्या घटनेतल्या चौथ्या दुरुस्तीशी विसंगत ठरवली. तिथे प्रश्न खाजगीपणाचा होता. निघोज्यातल्या खोलीत प्रश्न त्याच्याही आधीचा आहे: दाखवण्यासारखी स्वतःची खोली आहे का?

आता संशोधन काय सांगतं ते बघू. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या बर्गमन्स आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये 'प्रॉक्टोरिओ' या सॉफ्टवेअरवरचा एक नियंत्रित प्रयोग प्रसिद्ध केला. ३० विद्यार्थी. त्यातल्या सहा जणांना मुद्दाम कॉपी करायला सांगितलं होतं, पाच जणांना प्रामाणिक राहून फक्त अस्वस्थ वागायला सांगितलं होतं. सॉफ्टवेअरने कॉपी करणाऱ्या सहापैकी एकालाही पकडलं नाही. माणसाने स्वतंत्रपणे तपासलं तेव्हा सहापैकी एक सापडला.

हा निकाल मला सोयीचा आहे, म्हणून तो जास्तच काळजीने वाचायला हवा. सहापैकी शून्य म्हणजे पकडण्याची क्षमता शून्य, असं थेट म्हणता येईल का? हिशेब करून बघा. समजा सॉफ्टवेअर खरं तर दर दहा कॉपीबहाद्दरांपैकी चार जणांना पकडतं, म्हणजे एक जण सुटण्याची शक्यता ०.६. सहाच्या सहा सुटण्याची शक्यता ०.६ चा सहावा घात, म्हणजे साधारण ०.०४७. जेमतेम पाच टक्के. तेव्हा या प्रयोगातून इतकंच ठामपणे निघतं की क्षमता ४० टक्क्यांच्या वर असणं अवघड आहे. शून्य आहे की तीस टक्के, हे सहा जणांवरून सांगता येणार नाही. शिवाय एकच सॉफ्टवेअर आणि तांत्रिक विद्यापीठातले विद्यार्थी, एवढाच नमुना आहे. तरी 'कॅमेरा आहे म्हणजे परीक्षा सुरक्षित' हा दावा डळमळीत करायला एवढं पुरेसं आहे.

दुसरा अभ्यास चुकीच्या संशयाबद्दल आहे. लुइव्हिल विद्यापीठातल्या योडर-हाइम्स आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ३५७ विद्यार्थ्यांच्या परीक्षांच्या नोंदी तपासल्या. गडद वर्णाच्या विद्यार्थ्यांवर सॉफ्टवेअरने संशयाची खूण जास्त वेळा केली होती. तो अभ्यास अमेरिकेतला आहे, आपल्याकडचे आकडे तसेच निघतील असं मी म्हणत नाही. पण मंद पिवळ्या दिव्याच्या खोलीत, सावळ्या चेहऱ्यावर, स्वस्त कॅमेऱ्यातून हे सॉफ्टवेअर कसं चालतं, हे मोजल्याशिवाय ते इथे लावणं म्हणजे उपकरणाचं कॅलिब्रेशन न करता रीडिंग घेणं.

आणि समजा सॉफ्टवेअर चांगलं आहे. बरंच चांगलं. १,००० जण परीक्षेला बसले, त्यातले ५० जण कॉपी करतात. सॉफ्टवेअर कॉपी करणाऱ्यांपैकी ८० टक्के पकडतं आणि प्रामाणिक असलेल्यांपैकी फक्त १० टक्क्यांवर चुकून संशय घेतं. हे आकडे मी सोयीसाठी घेतलेत. मग खरे कॉपीवाले पकडले ४०. चुकून संशयित ठरले ९५०चे १० टक्के, म्हणजे ९५. एकूण १३५ जणांवर खूण, त्यातले ९५ निर्दोष. दहा संशयितांमध्ये सात निर्दोष! नेट-सेटच्या तयारीत बेझचा सिद्धांत तुम्ही सोडवला असेल. हा तोच सिद्धांत, फक्त इथे प्रत्येक आकड्यामागे एका माणसाचं सेमिस्टर आहे. तपासणीच्या वर्गातल्या सुपरवायझरला शंका आली तर तो जवळ येऊन बघतो, विचारतो, 'काय रे, खाली काय बघतोयस?' आणि पडलेलं पेन दिसलं की विषय तिथेच संपतो. कॅमेऱ्याची शंका मात्र फाइलमध्ये जाते. निर्दोष असल्याचं पटवायला विद्यार्थ्याला मागाहून अर्ज करत फिरावं लागतं.

मग काय हवं?

तिन्ही तऱ्हा शेजारी ठेवल्या की फरक स्पष्ट होतो. केंद्रात साक्षीदाराची व्यवस्था संस्था करते. दुसऱ्या तऱ्हेत साक्षीदार विद्यार्थ्याने आणायचा. तिसऱ्या तऱ्हेत साक्षीदार संस्थेचा, पण साक्षीला लागणारी जागा, वीज, उजेड, इंटरनेट आणि एकांत विद्यार्थ्याचा. म्हणून मला केंद्राची बाजू घ्यावीशी वाटते, आणि त्याच वेळी आजच्या केंद्रांच्या वेळापत्रकावर आणि ठिकाणांवर टीका करावीशी वाटते.

चाकणपुरतं बोलायचं तर मागणी फार मोठी नाही. एक, परीक्षेच्या दिवसांमध्ये एखादा गुरुवार असावा. ज्या संस्था दोन-तीन तारखांमध्ये परीक्षा घेतातच, त्यांना एक तारीख हलवणं अशक्य नसावं. दोन, केंद्र कामाच्या जागेजवळ हवं. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या अभ्यासिका आहेत, मोरवाडीला महापालिकेची आयटीआय आहे, पण चाकण महापालिकेच्या हद्दीबाहेर, खेड तालुक्यात आहे. तिथे स्वतंत्र नगरपरिषद आहे. कंपन्या त्या बाजूला वाढल्या, राहणारे वाढले, शांत खोली आणि जनरेटर असलेली सार्वजनिक परीक्षेची जागा हीही त्या वाढीतलीच गरज आहे. तीन, एका संस्थेच्या केंद्रावर दुसऱ्या संस्थेची परीक्षा देता यावी. अमेरिकेत कॉलेजांच्या परीक्षा केंद्रांचं असं जाळं आहे. विद्यार्थी आपल्या घराजवळच्या कॉलेजात बसून लांबच्या विद्यापीठाचा पेपर देतो. 'प्रॉक्टर शोधा' म्हणणाऱ्या देशालाही शेवटी शोधाशोध कमी करणारी यादी करावी लागली, हे लक्षात घ्या.

याविरुद्ध रास्त आक्षेप खर्चाचा आहे. केंद्र चालवायला जागा, माणसं, संगणक लागतात, कॅमेरा स्वस्त पडतो. मान्य. पण स्वस्त कोणाला? संस्थेचा खर्च कमी होतो, तो नाहीसा होत नाही. तो चौघांच्या खोलीत, बुडालेल्या मजुरीत आणि चुकून संशयित ठरलेल्याच्या हेलपाट्यांत वाटला जातो. तिथे त्याची पावती फाडली जात नाही, म्हणून तो ताळेबंदात दिसत नाही. दुसरा आक्षेप असा की दुर्गम भागातल्या, अंथरुणाला खिळलेल्या किंवा लहान मूल असलेल्या विद्यार्थ्याला घरूनच परीक्षा सोयीची. हाही मान्य. त्यांच्यासाठी घरची सोय पर्याय म्हणून राहू दे. माझी हरकत ती सगळ्यांवर एकमेव मार्ग म्हणून लादण्याला आहे.

तुमच्यासाठी

तुम्ही संशोधनाला लागणार आहात, तेव्हा यातून दोन गोष्टी घ्या. पहिली व्यवहाराची. ऑनलाइन कोर्सला नाव नोंदवण्याआधी परीक्षेचं पान वाचा. केंद्र कुठे, तारखा कोणत्या वारी, प्रॉक्टरची व्यवस्था कोणाकडे, घरून असेल तर वीज गेल्यावर पुन्हा संधी आहे का, आणि संशय घेतला गेला तर दाद कोणाकडे मागायची. या पाचांपैकी दोन प्रश्नांची उत्तरं सापडली नाहीत, तर फी भरण्याआधी लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. मार्गदर्शकांना आणि समितीलाही हे आधीच दाखवा, म्हणजे क्रेडिट मोजताना वाद होणार नाही.

दुसरी विचाराची. शिक्षणावरच्या कुठल्याही अभ्यासात 'परीक्षेतले गुण' हा स्तंभ दिसला की थांबा आणि विचारा: हे गुण कोणत्या परिस्थितीत घेतले गेले? सगळ्यांना ती परिस्थिती सारखी होती का? जे परीक्षेला पोचलेच नाहीत, त्यांची ओळ या तक्त्यात आहे का? दूरशिक्षणात 'नापास' आणि 'गैरहजर' हे दोन रकाने अनेकदा एकाच बेरजेत टाकले जातात आणि मग निष्कर्ष निघतो की दूरशिक्षणाचे विद्यार्थी कच्चे असतात. त्यातले किती जण विषयात कच्चे होते आणि किती जण त्या रविवारी लाइनवर उभे होते, हे वेगळं काढलं तर तो निष्कर्ष टिकतो का? या पट्ट्यात राहून हा प्रश्न विचारता येतो. हजेरीपट, शिफ्टचं वेळापत्रक आणि परीक्षेच्या तारखा एकमेकांशेजारी ठेवायच्या, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. तुमच्यापैकी कोणी समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा संख्याशास्त्रात विषय शोधत असेल, तर हा विषय अजून मोकळा दिसतो. घ्या.